पेट-सीटी आणि एमआरआय दोन्हीत चालेल असा उंदराचा बेड बनवायचाय, जाणकारांनी मदत करा

मेकॅनिकल_मन्या

नमस्कार मंडळी. इथे लॅबवाले पण आहेत आणि वर्कशॉपवाले पण, म्हणून इथेच विचारतोय. मी पुण्यात एमटेक करतोय, मेकॅनिकल, डिझाइन. प्रोजेक्ट असा मिळालाय की एका रिसर्च लॅबला त्यांच्या उंदरांसाठी स्कॅनिंगचा बेड हवाय. उंदीर म्हणजे घरात फिरतात ते नाही, लॅबमधले, वीस-पंचवीस ग्रॅमचे, मांडीपाशी ट्यूमर वाढवलेला असतो आणि औषध दिल्यावर तो आटतोय का हे काही आठवडे बघत राहतात. आधी पेट-सीटी (पेटमध्ये टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य अंगात कुठे जमतं ते दिसतं, सीटी म्हणजे एक्स-रे) आणि त्याच दिवशी पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एमआरआय, सात टेस्लाच्या चुंबकाचा.

आत्ता ते काय करतात तर भूल देऊन कापसाच्या गादीवर ठेवायचं, कागदी टेपने चिकटवायचं, स्कॅन झाला की उचलून दुसऱ्या मशीनवर परत तेच. मग दोन्ही इमेज कॉम्प्युटरवर एकमेकींवर ठेवायला गेलं की बसतच नाहीत, कारण एका स्कॅनमध्ये कणा सरळ, दुसऱ्यात वाकलेला, पाय इकडे पुढे तिकडे मागे. नुसतं डोकं असतं तर कवटी कडक असते, फिरवून सरकवून जुळवता आलं असतं, इथे सगळं अंगच लवचिक.

माझ्या डोक्यात असं आहे की सीटीवरून उंदराचा आकार घ्यायचा, त्याचा दोन भागांचा साचा थ्रीडी प्रिंट करायचा, बिजागरीवर उघडणारा, उंदीर आत ठेवला की वरचा भाग बंद. खालचा ट्रे कार्बन फायबरचा, कारण सीटीची टेबलं त्याची असतात असं वाचलंय. गरम ठेवायला खाली नायक्रोम वायर. स्क्रू एम-थ्री, स्टीलचे. सर म्हणाले आधी चार लोकांना विचार मग प्रिंटरला हात लाव. तर मटेरियल, पकडायची पद्धत, भुलीच्या गॅसचं कनेक्शन, जे सुचेल ते सांगा. बजेट जेमतेम आहे, तयार इम्पोर्टेड बेडचं कोटेशन बघून सर नुसते हसले.

सिरिंज_ताई

मन्या, छोट्या प्राण्यांच्या इमेजिंगमध्ये बरीच वर्षं गेलीत माझी त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस. आणि खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, अशी सोय आहे, सरांचं पत्र घेऊन परवानगी काढून एकदा बघून ये, फोटो बघून हे कळत नाही.

पहिलं म्हणजे साच्याचं. अंगाच्या आकाराचे दोन भागांचे साचे असतात, ऑप्टिकल इमेजिंगसाठी विकतही मिळतात, पण वजनाप्रमाणे वेगवेगळ्या साइजचे घ्यावे लागतात. तुझ्या केसमध्ये ट्यूमर वाढणार, औषध लागू पडलं तर आटणार, उंदीर स्वतः जाडा-बारीक होणार, म्हणजे पहिल्या आठवड्यात बनवलेला साचा पुढे बसेलच असं नाही. आणि बसला तरी वरचा भाग छातीवर टेकला की संपलं. भुलेखाली उंदीर मिनिटाला साठ-ऐंशी श्वास घेतो आणि ते छाती-पोट हलवूनच घेतो, त्याला तेवढी जागा पाहिजे. लोक टेप पण छातीवरून आवळतात आणि मग श्वास का मंदावला म्हणून गॅसचा डायल बघत बसतात. टेप लावायचीच तर कमरेवर आणि पायांना, कागदी, हलकी.

भूल दिलेला उंदीर पळून जात नाही. मग तो सरकतो का, तर बेड सपाट असतो म्हणून. अर्धगोल पन्हळ दे त्याला, दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत येईल अशी, कणा आपोआप मधल्या रेषेत येतो. पुढे टूथ बार दे, म्हणजे वरचे दोन पटाशीचे दात ज्यात अडकतील अशी छोटी आडवी दांडी. दात अडकवले आणि शेपटीकडून अगदी हलकं मागे घेतलं की मान सरळ होते, श्वासाची वाट मोकळी राहते आणि नाकाची जागा दर वेळी तीच येते. हे एवढं केलंस तरी अर्ध्याहून जास्त काम झालं. मेंदूचं स्कॅनिंग असतं तर कानाचे बार पण लागले असते, तुला मांडी बघायचीय, त्या भानगडीत पडू नकोस. त्यापेक्षा मागचा पाय ठेवायला दोन छोटे खाचे दे, घोटा त्यात बसेल असे, म्हणजे ट्यूमरची बाजू दर वेळी त्याच कोनात राहील. तू सगळ्या अंगाचा विचार करतोयस पण तुला खरी गरज मांडीची आहे ना.

दुसरं, ऊब. हे मेकॅनिकलवाल्यांना पटायला वेळ लागतो. एवढ्याशा अंगाला वजनाच्या मानाने कातडी खूप, भुलेमुळे अंगाचं स्वतःचं तापमान सांभाळणं बंद, त्यात तुमच्या स्कॅनरच्या खोलीत एसी. काही मिनिटांतच ३७ वरून खाली यायला लागतो. आणि हा नुसता जनावराच्या हालाचा प्रश्न नाही, तुमचा डेटा पण बिघडतो. एफडीजी वापरत असाल तर ती ग्लुकोजसारखी किरणोत्सारी साखर, थंडी वाजली की उंदराच्या खांद्यांमधली ब्राऊन फॅट, म्हणजे ऊब तयार करणारी चरबी, पेटते आणि ती साखर खाऊन टाकते, इमेजमध्ये मानेपाशी लख्ख दिसतं आणि ट्यूमरच्या वाट्याला कमी येतं. म्हणजे एका आठवड्यात उंदीर गार होता आणि दुसऱ्यात उबदार, तर औषधाचा परिणाम म्हणून तुम्ही एसीचा परिणाम मोजताय. आणि ऊब स्कॅनच्या वेळी देऊन भागत नाही, इंजेक्शनच्या आधीपासून आणि नंतर साखर मुरेपर्यंत पण द्यावी लागते. म्हणून बेड असा कर की वाट बघतानाही उंदीर त्यावर किंवा तसल्याच गरम जागेवर राहील.

तिसरं, मुतणं. हसू नकोस. एफडीजी लघवीतून बाहेर पडतं, भुलेखाली मूत्राशयावर ताबा नसतो, ती लघवी बेडवर सांडली की पुढच्या स्कॅनमध्ये बेडच ट्यूमरसारखा चमकतो. त्यातून तुझा ट्यूमर मांडीपाशी, म्हणजे नेमका त्याच गावात. बेडवर किचनमधली क्लिंग फिल्म अंथरायची, मागे शोषून घेणारा पॅडचा तुकडा, आणि पन्हळीला मागच्या टोकाला हलका उतार दे म्हणजे ओघळ अंगाखाली न येता मागे जाईल.

बाकी डोळ्यांत मलम, कारण भुलेखाली डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात. शेपटीसाठी मागे फट, म्हणजे शेपटीच्या शिरेत बारीक सुई लावून बेडवरच इंजेक्शन देता येईल. पोटाखाली हवेची छोटी उशी ठेवायला खळगा, त्यावरून श्वास मोजतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेटवरून एमआरआयला नेताना उंदीर उचलूच नका. बेडसकट न्या. तुम्ही उंदीर दोनदा नीट ठेवायचा प्रयत्न करताय म्हणून एवढा घोळ होतोय. एकदाच ठेवा, दोन्ही मशीनमध्ये तोच बेड घाला.

भोसरीकर_काका

ताईंनी शेवटचं वाक्य लिहिलं ते डिझाइनवाल्याने पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. मी टूलरूमवाला, उंदीर फक्त गोडाऊनमधले ओळखतो, पण जिग-फिक्श्चरमध्ये आयुष्य गेलं आणि हे शेवटी फिक्श्चरच आहे.

मन्या, दोन तुकडे कर. एक कॅसेट, ज्यावर उंदीर. आणि प्रत्येक मशीनसाठी एक वेगळा ॲडॅप्टर, जो त्या मशीनच्या टेबलाला कायमचा बसेल आणि कॅसेट त्यावर दर वेळी त्याच जागी येऊन बसेल. आता बसेल म्हणजे कशी, तर नवीन पोरं काय करतात की चार पिना आणि चार भोकं, आणि मग प्रिंट थोडी आकसली की तीन बसतात चौथी बसत नाही, मग भोक रुंद करतात, मग सगळंच डुगडुगतं. त्यापेक्षा खाली तीन गोळ्या आणि समोर तीन व्ही खाचा, तिन्ही खाचा मध्याकडे रोखलेल्या. प्रत्येक गोळी दोन ठिकाणी टेकते, एकूण सहा, आणि वस्तूच्या हालचालीही सहाच असतात, तीन सरकायच्या तीन फिरायच्या, त्यामुळे हिशोब बरोबर जमतो, जास्तीचं काही नाही. वरून हलका दाब द्यायला रबर बँड पुरे. याला कायनेमॅटिक कपलिंग म्हणतात, मॅक्सवेल-केल्विनच्या काळापासून चालत आलंय, कोऱ्या प्लास्टिकमध्येसुद्धा रिपीटेबिलिटी पेटच्या रिझोल्यूशनपेक्षा कितीतरी चांगली मिळते, कारण पेटचं रिझोल्यूशन शेवटी मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या घरातलं. गोळ्या सिरॅमिक बेअरिंगच्या घे, गंजत नाहीत, चुंबकाला चिकटत नाहीत. फक्त त्या उंदराच्या पुढे-मागे ठेव, अंगाखाली नको, त्यातलं सिरॅमिक म्हणजे झिर्कोनिया, तो सीटीत चांगलाच दिसतो आणि रेघा मारतो.

मटेरियलचं. पीएलए स्वस्त, मस्त प्रिंट होतं, पण साठ डिग्रीला मऊ पडतं, म्हणजे गरम पाण्याने धुवायला घेतलं की वाकलं आणि ऑटोक्लेव्हचं तर नावच काढू नको, तिथे १२१ असतं. ट्रायलला पीएलए, नंतर पीईटीजी. ॲक्रिलिक दिसायला झकास, पण लॅबमध्ये सगळं स्पिरिटने पुसतात आणि स्पिरिटने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात, विशेषतः जिथे ड्रिल मारलंय तिथे. डेलरिन मशीनिंगला लोण्यासारखं पण त्याला काही चिकटत नाही, सगळं स्क्रूनेच जोडावं लागेल. स्क्रू नायलॉनचे. पितळी इन्सर्ट पण नको, चुंबकाला चालले तरी सीटीत त्रास देतील.

प्रिंटच्या थरांमध्ये बारीक खाचा राहतात, ताई म्हणतात ते सगळं त्यात जाऊन बसणार. तेव्हा उंदराच्या संपर्कातला भाग पॉलिश पेपरने घासून त्यावर इपॉक्सीचा पातळ हात मार आणि पूर्ण वाळू दे. रेझिन प्रिंटर वापरणार असशील तर प्रिंट नीट धुऊन यूव्हीखाली पूर्ण पिकवून घे, कच्चं रेझिन अंगाला लागणं चांगलं नाही, उंदराच्याही आणि तुझ्याही.

आणि एक, ५० मिलीची सेंट्रिफ्यूज ट्यूब असते ना लॅबमध्ये निळ्या झाकणाची, तिचा बाहेरचा व्यास जवळजवळ ३० मिलिमीटर. ती उभी अर्धी कापली की पन्हळ तयार. पहिलं मॉडेल त्यावरच कर, प्रिंटरचे तास कशाला जाळायचे.

कांदेपोहे

बाकी सगळं ठीक आहे पण कुणाला त्या उंदरांची दया येते का? आधी मुद्दाम ट्यूमर करायचा, मग दाताला अडकवून मशीनमध्ये घालायचं, आणि आपण इथे स्क्रू नायलॉनचा की पितळेचा यावर चर्चा करतोय. सॉरी पण वाचून कसंतरी झालं.

सिरिंज_ताई

कसंतरी होणं बरोबर आहे, ज्यांना काहीच होत नाही त्यांनी हे काम करू नये असं माझं मत. पण हिशोब ऐका. पूर्वी ट्यूमर वाढतोय की आटतोय हे बघायला प्रत्येक टप्प्यावर काही उंदीर मारून उघडून बघावे लागायचे. स्कॅन असेल तर तोच उंदीर पुन्हा पुन्हा बघता येतो, त्याची तुलना त्याच्याशीच होते, त्यामुळे मुळात कमी उंदीर लागतात. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी तीन तत्त्वं मांडली, शक्य तिथे प्राणी टाळा, टाळता येत नसेल तर कमी वापरा, आणि जे वापराल त्यांचा त्रास कमी करा. मन्याचा बेड दुसऱ्या आणि तिसऱ्या तत्त्वात येतो. स्कॅन बिघडला की तो परत करावा लागतो, म्हणजे परत भूल, परत इंजेक्शन, सीटीचा परत डोस. छोट्या प्राण्यांच्या सीटीत पिक्सेल बारीक पाहिजे म्हणून डोस माणसाच्या मानाने बराच जास्त पडतो, आठवड्या-आठवड्याला करत गेलं तर त्या डोसचाच ट्यूमरवर परिणाम व्हायची भीती. म्हणून स्क्रूवर चर्चा.

कांदेपोहे

हा विचार केला नव्हता. चालू द्या, मी वाचतेय.

चुंबकराव

मी जर्मनीत प्रीक्लिनिकल एमआरआयवर काम करतो, रात्रीचं वाचलं म्हणून उशिरा लिहितोय. मन्या तुझ्या लिस्टमधल्या तीन गोष्टी माझ्या खोलीच्या दाराबाहेरच थांबतील.

कार्बन फायबर सीटी-पेटला अप्रतिम, हलका, कडक, एक्स-रे अडवत नाही. पण त्यातून वीज वाहते. एमआरआय अंगातल्या पाण्याच्या प्रोटॉनचा सिग्नल ऐकतं, सात टेस्लाला त्यांची फ्रिक्वेन्सी जवळपास ३०० मेगाहर्ट्झ, तो ट्रे कॉइलच्या (उंदराभोवतीच्या अँटेनाच्या) आत गेला की ती आरएफ, म्हणजे रेडिओ लहर, अडवतो, आणि ग्रेडियंट, म्हणजे इमेजसाठी बदलत राहणारं चुंबकक्षेत्र, चालू-बंद होताना त्यात करंट फिरतात. म्हणजे एका मशीनचा सर्वोत्तम बेड दुसऱ्यात निकामी. ज्या फिलामेंटमध्ये कार्बनचे तंतू मिसळलेत ते पण नको, काळ्या रंगाचं घेताना आत काय भरलंय ते बघूनच घे, त्यापेक्षा पांढरं किंवा नॅचरल घे आणि सुखी राहा. नायक्रोम वायर म्हणजे कॉइलशेजारी लावलेली अँटेना, बाहेरचा सगळा कचरा सिग्नलमध्ये घेऊन येईल. स्टीलच्या स्क्रूबद्दल बोलायलाच नको.

गरम कसं ठेवायचं मग. बरेच जण बेडमधून गरम पाणी फिरवतात, पण पाणी म्हणजे प्रोटॉनच, उंदरापेक्षा जास्त चमकतं आणि वाहतं असल्यामुळे इमेजभर भुतं, म्हणजे खोट्या सावल्या, पाडतं. एकतर पाण्याची नळी कॉइलच्या बाहेर राहील असं कर, नाहीतर पेट-सीटीला पाणी आणि एमआरआयला ते काढून टाकून बोअरच्या, म्हणजे मशीनच्या बोगद्याच्या, मागून गरम हवा. मी हवा वापरतो. कंट्रोल मात्र बेडच्या तापमानावर न ठेवता उंदराच्या गुदद्वारातल्या प्रोबवर ठेव, एमआरआयसाठी तो फायबर ऑप्टिक असतो, आणि वर बेडला वेगळी कमाल मर्यादा, चाळीसच्या आसपास. प्रोब निसटला की कंट्रोलरला वाटतं उंदीर गार पडला आणि तो तापवत सुटतो, त्या मर्यादेशिवाय उंदीर भाजतो.

प्लास्टिकचं म्हणशील तर पीएलए, पीईटीजी, नायलॉन असली कडक प्लास्टिकं साध्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत, त्यांचा सिग्नल आपण ऐकायच्या आत विरून जातो. सिलिकॉनची ट्यूब मात्र दिसते. ओ-रिंगला लावलेलं ग्रीस पण दिसतं. डोळ्यातलं मलम दिसतं, पण तुला मांडी बघायची असल्यामुळे फरक पडत नाही.

माप घेताना पहिली गोष्ट कॉइलची. उंदराच्या पूर्ण अंगाच्या कॉइलचा आतला व्यास साधारण ३५ ते ४० मिलिमीटर असतो, तिथल्या टेक्निशियनकडून नक्की आकडा घे आणि मगच कॅड उघड. कॅसेट, उंदीर, नळ्या, प्रोबची वायर सगळं त्यात मावलं पाहिजे. काकांच्या ३० मिलिमीटरच्या पन्हळीखाली तुला फार जागा उरत नाही, गोळ्या आणि खाचा कॉइलच्या बाहेर, मागच्या दांड्यावरच घ्याव्या लागतील.

इमेज जुळवायला खुणा लाव. काचेच्या बारीक केशनळ्या घे, त्यात कॉपर सल्फेट घातलेलं पाणी भर, एमआरआयला चमकतात, सीटीला काच दिसते, आणि पेटच्या दिवशी त्याच पाण्यात एफडीजीचा अगदी सूक्ष्म अंश घातला की पेटला पण दिसतात. किमान तीन खुणा आणि त्या एका रेषेत नकोत, मी चार-पाच लावतो, एकीकडे एक तिरकी, म्हणजे डावं-उजवं उलटं झालं तर लगेच कळतं.

सिरिंज_ताई

खुणांबद्दल एक. त्या बेडवर आहेत, उंदरावर नाहीत. बेड जुळला याची त्या ग्वाही देतात, बेडवर उंदीर सरकला असेल तर त्या छान जुळतील आणि ट्यूमर तरी चुकीच्या जागी असेल. म्हणून जुळवल्यावर मणके आणि मांडीचं हाड डोळ्याने बघायचंच.

मेकॅनिकल_मन्या

बाप रे, एवढं कुठल्याच पेपरमध्ये एका जागी मिळालं नव्हतं. साचा रद्द, कार्बन फायबर रद्द, नायक्रोम रद्द. आता कॅसेट, पन्हळ, टूथ बार, पायाचे खाचे, तीन गोळ्या.

दोन प्रश्न. एक, नाकाचा गॅस. बिल्डिंगमधून नेताना भूल चालू ठेवायची तर काय करू? दोन, लॅबवाले म्हणतायत की एकाच वेळी चार उंदीर घालता येतील असा कर, माऊस हॉटेल की काय म्हणतात ते.

सिरिंज_ताई

आधी गॅस. सुरुवातीला आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलीचा गॅस, तीन-चार टक्के, झोपला की एक ते दोन, ऑक्सिजनचा फ्लो मिनिटाला अर्धा ते एक लिटर. नोज कोन दुपदरी कर, आतल्या नळीतून गॅस येतो, बाहेरच्या पदरातून हलक्या ओढीने परत जातो आणि कोळशाच्या डब्यात शोषला जातो. ओढ जास्त ठेवलीस तर उंदराला मिळायच्या आत गॅस पळून जाईल, ओढच नसेल तर टेक्निशियनच्या नाकात जाईल. तोंडाशी नायट्रिल ग्लोव्हचा तुकडा ताणून त्याला बारीक भोक, त्यातून थुथनी आत, झकास सील होतं, फाटलं की बदलायचं. कोळशाच्या डब्याचं वजन करत राहायचं, ठरलेल्या मर्यादेपेक्षा भरलं की फेकायचा. आणि द्रव आयसोफ्लुरेन काही प्लास्टिकं खातं, व्हेपोरायझर (द्रवाचा गॅस करणारं यंत्र) भरताना सांडलं तर बेडवर सांडू देऊ नका.

नेण्यासाठी छोटं ट्रॉलीवरचं व्हेपोरायझर वापरतात. पण उंदराच्या अंगात एफडीजी असताना एका बिल्डिंगमधून दुसरीकडे जायचं म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एमआरआयच्या खोलीत रेडिओॲक्टिव्ह वस्तू न्यायला परवानगी आहे का हे आधी विचारा, नसेल तर क्रम बदला, आधी एमआरआय, मग त्याच बेडवर पेट-सीटी.

चुंबकराव

ट्रॉलीवरचा सिलिंडर खोलीत न्यायचा नाही, कधीच नाही. २०१८ मध्ये मुंबईत नायर हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआय रूममध्ये गेलेला माणूस ओढला जाऊन दगावला होता, आठवत असेल सगळ्यांना. छोट्या प्राण्यांचं मशीन लहान दिसतं म्हणून चुंबक कमी असं नसतं. सिलिंडर आणि व्हेपोरायझर बाहेर, भिंतीतल्या वाटेने लांब नळी आत. आता लांब नळी म्हटलं की उशीर आला, नळीचा आतला व्यास ६ मिलिमीटर आणि लांबी ५ मीटर धर, नळीतच १४० मिली गॅस मावतो, फ्लो अर्धा लिटर असेल तर डायल फिरवल्यावर बदल नाकापर्यंत पोचायला १७ सेकंद. उंदराचा श्वास अडखळायला लागला की १७ सेकंद फार असतात. ४ मिलिमीटरची घेतली तर आठ सेकंदांच्या आत.

सिरिंज_ताई

आता हॉटेल. पेटमध्ये चार उंदीर एकदम घालतात, बऱ्याच ठिकाणी, कारण एफडीजीतल्या एफ-१८ चं हाफ लाइफ ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्यात किरणोत्सार निम्मा, एकेक करून स्कॅन करत बसलं तर शेवटच्या उंदरापर्यंत माल निम्मा होतो. पण फुकट काही नाही. मध्यावर स्कॅनर सगळ्यात तेज, कडेला संवेदनशीलता कमी आणि इमेज पसरते, म्हणजे चारही जण मध्यापासून बाजूला, लोकलमधल्या चौथ्या सीटवर बसल्यासारखे सगळेच अर्धे बाहेर. शिवाय एका उंदराचे किरण शेजाऱ्याच्या अंगातून जातात. ५११ केईव्हीला, म्हणजे पेटच्या किरणांच्या ऊर्जेला, पाण्यासारख्या मटेरियलमध्ये दर सेंटिमीटरला नऊ टक्क्यांच्या आसपास कमी होतात, एकटा अडीच सेंटिमीटरचा उंदीर असला तर २०-२२ टक्के जातात, वाटेत दुसरा आला की ३८ टक्के. सीटीवरून करेक्शन होतं, पण ते करायलाच पाहिजे, एकट्या उंदराच्या वेळी चालढकल चालून जाते तशी इथे नाही.

भुलीचं पण बघ. एका नळीचे चार फाटे केले आणि एकाचा कोन सैल बसला की त्याला कमी मिळतं, तो हलायला लागतो, म्हणून डायल वाढवला की बाकीच्या तिघांना जास्त होतं. चारही फाट्यांची लांबी-जाडी एकसारखी ठेव आणि प्रत्येकाला वेगळी चिमटी. आणि एमआरआयच्या कॉइलमध्ये तर एकच मावणार. माझं मत विचारशील तर आत्ता एकाची कॅसेट नीट कर. पेटच्या ॲडॅप्टरवर पुढे चार कॅसेट बसतील अशी जागा आखून ठेव, बस.

पशुवैद्य_दादा

प्रिंटर चालू करायच्या आधी कागदाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी ॲनिमल हाऊसचा व्हेट आहे, आमच्याकडे असं डिझाइन घेऊन येणारी मुलं थेट उंदरावर ट्राय करू का विचारतात. नाही. प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतात, वर सीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती, आधी जिला सीपीसीएसईए म्हणायचे ती, आणि प्रत्येक संस्थेत तिची एथिक्स कमिटी. लॅबची मंजुरी ट्यूमर आणि औषधासाठी आहे, तुझा बेड त्यात लिहिलेला नाही. प्रोटोकॉलमध्ये बदल म्हणून तो कमिटीसमोर न्यायला लॅबच्या मुख्य संशोधकांना सांग, मिटिंग रोज होत नाही तेव्हा आजच सांग.

तोवर पाणी भरलेल्या २० मिलीच्या सिरिंजवर काम कर, ती पन्हळीत उंदीर म्हणून चालते, तीच सिरिंज काढून-घालून दोन्ही मशीनमध्ये खुणा किती जुळतात ते मोज. त्यानंतर दुसऱ्या मंजूर प्रयोगातून आधीच मेलेला उंदीर मिळतो का ते मला विचारतात तसं तुमच्या व्हेटला विचार, टूथ बारची उंची आणि पायाचे खाचे त्याच्यावर ठरतात. जिवंत उंदीर सगळ्यात शेवटी, आणि पहिल्या वेळी स्कॅनरमध्ये नको, टेबलावर, स्कॅनला लागतो तेवढा वेळ, श्वास आणि तापमान लिहून काढत. उठल्यावर कसा चालतो ते पण बघ, नख्यांना आणि हिरड्यांना काही झालं नाही ना ते बघ.

आणि बेड एकदा पेटला वापरला की दुरुस्तीला भोसरीला परस्पर न्यायचा नाही. ११० मिनिटांची दहा हाफ लाइफ म्हणजे १८ तास होतात, एक दिवस ठेवून द्या, सर्व्हे मीटर लावून बॅकग्राउंडएवढंच येतंय हे तपासून मगच गेटबाहेर.

भोसरीकर_काका

हे बरं सांगितलंत दादा, आमच्याकडे पोरं डबा खातात त्याच टेबलावर जॉब ठेवतात.

मेकॅनिकल_मन्या

सरांना दाखवलं, कमिटीचा फॉर्म लॅबकडून मागवलाय आणि कॉइलचं माप पण विचारलंय, ३८ आहे म्हणाले. सेंट्रिफ्यूज ट्यूब कापून पहिली पन्हळ बनवली, सिरिंज त्यात मस्त बसली. काका, टूथ बार पुढे-मागे सरकवायची सोय द्यावी लागेल ना, लहान उंदीर १८ ग्रॅमचा आणि मोठा ३० च्या वर जातो म्हणतायत. स्लॉट आणि नायलॉनचा स्क्रू विचार करतोय, पण मग दर वेळी तीच जागा कशी येणार?

भोसरीकर_काका

स्लॉट नको, स्लॉट म्हणजे ज्याच्या हातात स्क्रू त्याची मर्जी. दोन-दोन मिलिमीटरवर खाचा पाड, प्रत्येकीला नंबर कोर, टूथ बार त्या खाचेत टच्चकन बसला पाहिजे. उंदराच्या रेकॉर्डमध्ये वजनाशेजारी खाच नंबर लिहायचा, पुढच्या आठवड्यात तोच नंबर. नंबर प्रिंटमध्येच कोर, मार्करने लिहिलेलं स्पिरिटने पुसून जातं. आणि कॅडची फाईल पाठव, ३८ च्या आत मागचा दांडा किती जाड ठेवलायस ते मला बघायचंय, एका बाजूने लटकणार आहे तो, पीईटीजी तिथे वाकेल.